धनत्रयोदशीची दुसरी चोपडी

आश्विन वद्य त्रयोदशीला दिवस कलला की ठाण्याच्या नौपाड्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. गोखले रोडवरून राम मारुती रोडकडे वळणारा माणसांचा लोंढा, डोक्यावर आकाशकंदिलांच्या माळा, पदपथावर पणत्या, रांगोळीचे रंग आणि केरसुण्या, सराफांच्या दारांत रांगा, आणि या सगळ्या झगमगाटात एखाद्या जुन्या स्टेशनरीच्या दुकानात अजूनही तग धरून असलेल्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या. हिशेब केव्हाच संगणकात गेले, पण पूजेला चोपडी लागते आणि ती कोरीच लागते. घरी पाटावर तांदळाची रास, तिच्यावर नाणी, दागिने आणि ती चोपडी, शेजारी धन्वंतरीची तसबीर, नैवेद्याला धणे-गूळ. तिन्हीसांजेला कणकेचा दिवा दाराबाहेर जातो. एरवी दिव्याचे तोंड दक्षिणेकडे झाले तर घरातली वडीलधारी माणसे लगेच टोकतात. आज तीच मुद्दाम दक्षिणेकडे करायला सांगतात.

धन, वैद्य आणि यम या तिघांना एकाच संध्याकाळी नमस्कार करायची आपली ही रीत. त्यातल्या धनाकडे आपले लक्ष सर्वांत जास्त असते, हे मान्य करायला हरकत नाही. धन्वंतरीची आठवण वैद्य मंडळी तेवढी नेमाने ठेवतात. केंद्र सरकारने 2016 पासून याच तिथीला आयुर्वेद दिन ठरवला होता, तोही 2025 पासून 23 सप्टेंबर या पक्क्या तारखेला गेला. यमदीपाची गोष्ट तर आता आजीच्या तोंडीच राहिली आहे. ती पुन्हा एकदा सांगण्याजोगी आहे. यमाने एकदा आपल्या दूतांना विचारले, प्राण नेताना तुम्हाला कधी कोणाची कणव येते का? दूत आधी कचरले. मग म्हणाले, हेम राजाच्या मुलाला लग्नानंतर चौथ्याच दिवशी नेताना त्याच्या वधूचा आक्रोश आम्हाला ऐकवला नाही. आणि मग त्यांनीच धन्याला उलट विचारले की महाराज, असे अवेळीचे मरण टळावे म्हणून काही उपाय नाही का? त्यावर यमाने या दिवशीचे दीपदान सांगितले. कथेतला यम दयाळू आहे हे तर खरेच, पण त्याहून लक्षात राहावे ते असे की तो हाताखालच्यांना विचारतो, ते भीत भीत का होईना खरे सांगतात, आणि त्या सांगण्यातून उपाय निघतो.

मरण अटळ आहे, हे आपल्या संस्कृतीने आपल्याला पुरेसे शिकवले आहे. म्हणून यमदीप लावताना आपण मरणच नको असे मागत नाही. अपमृत्यू नको, एवढेच मागतो. जे टळण्यासारखे होते ते टळावे, एवढीच ही माफक मागणी. आणि अशा टळण्यासारख्या मरणांची मोजदाद आता झालेली आहे. आरोग्यसेवेच्या दर्जाविषयी ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाचा अहवाल 2018 मध्ये आला. उपचारांनी टाळता आले असते असे भारतातले मृत्यू त्यात वर्षाला सुमारे 24 लाख धरले आहेत. त्यांपैकी साधारण आठ लाख माणसांपर्यंत उपचार पोहोचलेच नाहीत. उरलेली सुमारे 16 लाख माणसे दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचली होती, आत गेली होती, आणि तरीही गेली. दवाखाने कमी आहेत, हे दुखणे आपल्या ओळखीचे. दवाखान्यात पोहोचलेला माणूस दवाखान्यातच सुटतो, हे त्याहून मोठे दुखणे निघाले.

आपल्या शहराला हे अहवालातून कळायची गरज नव्हती. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले. महापालिकेचे हे 500 खाटांचे रुग्णालय नौपाड्यापासून फार लांब नाही. खाडीवरचा पूल ओलांडला की आलेच. तिथे केवळ ठाणेकर जात नाहीत. शहापूर, मुरबाड, पार जव्हार-मोखाड्यापासून माणसे येतात. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर या पालिका रुग्णालयांतून, तिथली सोय संपली की, ‘कळव्याला न्या, नाहीतर सायनला’ असे सांगून माणसे पाठवली जातात. त्यात त्या वर्षी ठाण्याचे सिव्हिल, म्हणजे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, पुनर्बांधणीसाठी जुन्या जागेतून हलवले गेले होते आणि त्याचाही भार कळव्यावर आला. रुग्ण शेवटच्या अवस्थेत आले होते, काही खासगी रुग्णालयांतून पाठवलेले होते, असे प्रशासनाने सांगितले. ते अगदी खरे असेलही. पण शेवटच्या अवस्थेत येणारा माणूस त्याआधी कुठेतरी मधल्या अवस्थेत होता, आणि तेव्हा तो कोणाच्या तरी समोर बसला होता. चौकशी समिती नेमली गेली. दीड महिन्यानंतर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळे होती, आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या.

अशा वेळी आपण दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे करतो. आधी दोषी शोधतो, मग निधी कमी पडतो म्हणतो. दोषी सापडला की त्याची बदली होते आणि निधीचा प्रश्न पुढच्या अंदाजपत्रकावर जातो. या दोहोंच्या मधली जागा मात्र रिकामीच राहते, आणि आजच्या तिथीला आपण कोरी चोपडी ज्या कारणासाठी पुजतो ते कारण नेमके त्या जागेचे आहे. भांडवल अपुरे असलेला दुकानदार तगतो तो रोजच्या हिशेबावर. काय आले, काय गेले, कुठे गळती झाली हे रात्री दुकान बंद करताना त्याला कळते. आणि श्रीमंत माणसाला जो गाफीलपणा परवडतो तो त्याला परवडत नाही. मग ज्या रुग्णालयाकडे पैसा तुटपुंजा, त्याने तर मोजण्यात कणभरही कसूर करू नये. प्रत्यक्षात आपल्याकडे औषधांच्या खोक्यांची, पलंगांची, चादरींची नोंद असते, केस पेपरांचे गठ्ठे असतात. गेलेला प्रत्येक माणूस कोणत्या वळणावर निसटला, याची चोपडी मात्र सहसा नसते.

मोजण्याने काय होते, याचे उदाहरण बेळगावचे आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हा मातांचा सर्वांत मोठा वैरी. तो किती झाला हे पिढ्यान् पिढ्या नजरेच्या अंदाजाने ठरत आले: चादर भिजली, कपडे बदलले, ‘जरा जास्तच गेले’. बेळगाव भागातल्या अभ्यासात प्रसूतीनंतर आईच्या अंगाखाली एक पारदर्शक प्लास्टिकचा पडदा सरकवला गेला. त्याच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी, तिच्यावर दुधाच्या मापावर असतात तशा रेघा. रक्त त्यात उतरते आणि रेघ वाचता येते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तुलनेत असे आढळले की नजरेने केलेला अंदाज पडद्यातल्या मापापेक्षा सुमारे 33 टक्के कमी भरत होता. म्हणजे अनुभवी डोळासुद्धा एक तृतीयांश रक्त पाहतच नव्हता. पुढे अशाच रेघा आखलेला पडदा आणि रेघ ओलांडली की लगेच करायच्या चार-पाच ठरलेल्या कृती यांची जोड केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या 80 रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत पाहिली गेली. 2023 मध्ये निष्कर्ष आला: गंभीर रक्तस्राव आणि त्याचे भीषण परिणाम 60 टक्क्यांनी घटले. औषधे तीच होती, सुईणी आणि डॉक्टर त्याच रुग्णालयांतले. नवे होते ते माप, आणि माप दिसले की कोणी काय करायचे याचा आधीच झालेला निश्चय.

गडचिरोलीतही गोष्ट मोजण्यापासूनच सुरू झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली तेव्हा आधी गावोगावचे जन्म आणि मृत्यू लिहून काढण्याचे काम हाती घेतले. बाळांना न्यूमोनिया झाला आहे की नाही हे कळायला क्ष-किरण यंत्र लागते, अशी तेव्हाची समजूत. त्यांनी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेले एक साधे साधन बनवले. जिला मोठे आकडे मोजता येत नाहीत अशी दाईसुद्धा बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवी आणि श्वास धोक्याच्या पलीकडे गेला आहे का ते सांगे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 झाले की उपचार सुरू. पुढे गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली, आणि 39 गावांतल्या या प्रयोगात नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी उतरल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. 2011 पासून देशभरच्या आशाताई तेच काम करतात. ‘सर्च’च्याच माणसांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढून राज्याच्या बालमृत्यूंच्या सरकारी नोंदी किती अपुऱ्या आहेत हे दाखवले तेव्हा सरकारला ते रुचले नव्हते. न मोजलेली बाळे कागदावर कधी मरतच नाहीत, आणि कागदावर जे मरत नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कशी व्हावी?

महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचीही आठवण इथे यावी. विंचूदंशाने कोकणात शंभरातली तीस-चाळीस माणसे जात, त्यांत मुले जास्त. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी करत राहिलेल्या या डॉक्टरने रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी विंचवाच्या विषावर लागू पडते हे दाखवले, आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. बिरवाडीला अतिदक्षता विभाग नव्हता. वही होती आणि रात्र जागायची तयारी होती.

या सगळ्यांत एक अवघड गोष्ट आहे, आणि ती पैशाची नाही. चोपडीत खरे लिहायचे तर लिहिणाऱ्याला अभय हवे. रात्रपाळीच्या सिस्टरला ठाऊक असते की अमुक खाटेवरच्या माणसाचा रक्तदाब दोन वाजता उतरला होता आणि डॉक्टर चार वाजता आले. तिने ते लिहिले तर पहिली नोटीस तिलाच येणार असेल तर ती का लिहील? केरळमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2004 पासून राज्यातल्या प्रत्येक मातामृत्यूची छाननी सुरू केली तेव्हा रुग्णाचे, डॉक्टरचे, रुग्णालयाचे नाव आधी खोडायचे असा दंडक घातला. कोण चुकले हा प्रश्नच पटलावर नव्हता. काय घडले आणि कुठे हात पोहोचला असता, एवढेच पाहायचे होते. पुढे देशात मातामृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी केरळात राहिले. 2018 ते 2020 या काळाच्या नमुना नोंदणीत लाख जिवंत जन्मांमागे केरळात 19, महाराष्ट्रात 33 आणि देशात 97 माता दगावल्या. तेव्हा आपला क्रमांक केरळच्या पाठोपाठचा होता, ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि ती सांगायला संकोच नको. जिथे महाराष्ट्राने मोजले, तिथे त्याला जमले आहे.

यमाच्या दूतांची ती कथा म्हणूनच पुन्हा आठवते. वॉर्डबॉय, आया, सिस्टर, निवासी डॉक्टर यांना मरण जवळून दिसते. त्यांना कोणी बसवून विचारत नाही.

आता एक गोष्ट खडसावूनच सांगायला हवी, कारण काटकसरीचे कौतुक ऐकले की अंदाजपत्रक लिहिणाऱ्यांचे चेहरे उजळतात. थोडक्या पैशात चांगली सेवा होते, याचा अर्थ पैसा थोडकाच द्यावा असा होत नाही. अध्यापन रुग्णालयाच्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आपल्याकडच्या कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयात रात्री अकरा वाजता जाऊन पाहावे. एक सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळताना दिसेल, जमिनीवरच्या गाद्यांसकट. तिच्या हाती कोणतीही तपासणी सूची द्या, ती भरायला तिला हात उरलेला नाही. प्रसूतिगृहातले ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश तापमानात राहावे लागते. फ्रीज बंद पडला आणि दुरुस्तीची फाइल तीन टेबलांवर अडली, तर इंजेक्शन दिले जाते, नोंदही होते, पण त्यातला जोर केव्हाच गेलेला असतो. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2017 मध्ये राज्यांना सांगितले होते की 2020 पर्यंत अंदाजपत्रकाचा 8 टक्क्यांहून अधिक हिस्सा आरोग्यावर खर्च करा. महाराष्ट्रासारखे संपन्न राज्य त्या रेघेच्या बरेच खाली राहिले. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले, हे फार चांगले झाले. परंतु केस पेपरचे पैसे माफ झाल्याने रात्रपाळीला दुसरी सिस्टर येत नाही. मर्यादित निधी ही अनेकदा निसर्गाची नव्हे, आपल्याच पसंतीची मर्यादा असते. गोखले रोडवरच्या रोषणाईला तो नियम आपण लावत नाही.

आणि नौपाड्याने या सगळ्याकडे परक्या नजरेने पाहावे, अशीही सोय नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या पाकिटात विम्याचे कार्ड आहे. आपण आजारी पडलो तर गाडी खासगी रुग्णालयाकडे वळते, कळव्याच्या पुलाकडे नव्हे. पण ज्या मावशींनी दिवाळीसाठी आपली घरे घासूनपुसून दिली, जो वॉचमन आज सोसायटीच्या दारात रोषणाईचे बल्ब लावतो, ज्या बाई पहाटे फुलांची टोपली घेऊन स्टेशनबाहेर बसतात, त्यांची वाट तिकडेच जाते. त्यांच्या घरी ताप येतो तेव्हा आपल्याकडे खाडा होतो, आणि आपण विचारतो की उद्या तरी याल ना. त्या रुग्णालयाचा खर्च आपण भरलेल्या मालमत्ता करातूनही होतो. ज्याच्यासाठी आपण पैसे मोजतो त्याचा हिशेब मागताना आपल्याला कसला संकोच वाटतो, हे कळत नाही. भाजीवाल्याकडे दहा रुपयांसाठी थांबणारी माणसे आहोत आपण.

हिशेब मागण्याचे अंग तर या वस्तीला जन्मजात आहे. निवृत्त बँक अधिकारी, लेखापाल, अभियंते, मुख्याध्यापिका, परिचारिका यांनी नौपाड्याच्या इमारती भरलेल्या आहेत. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये मानसिक आरोग्यासाठी सुरू केलेली आय.पी.एच. ही संस्था याच परिसरात उभी राहिली. तिथे साध्या गृहिणी आणि निवृत्त माणसे प्रशिक्षण घेऊन कार्यकर्ते झाली. दुखणे ही केवळ डॉक्टरांची मक्तेदारी नाही, हे ठाण्याने तिथे अनुभवले आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या देखभालीच्या करारावरून दोन तास वाद घालणारी आपली चिकाटी कळव्याच्या व्हेंटिलेटरच्या देखभालीच्या करारालाही लावता येईल.

मागायचे तरी काय? दर महिन्याला रुग्णालयात किती माणसे दगावली, त्यांतली किती दाखल झाल्यापासून 24 तासांच्या आत, आणि कुठून पाठवलेली होती. किती रुग्णांना पुढे पाठवले, आणि पाठवताना सोबत नीट लिहिलेली चिठ्ठी होती की नुसतेच ‘पुढे न्या’. कोणती औषधे किती दिवस संपलेली होती आणि ‘बाहेरून आणा’ म्हणून किती नातेवाइकांना सांगावे लागले. रात्रपाळीला किती परिचारिका होत्या. बंद पडलेली यंत्रे किती दिवस बंद राहिली. यांत कोणा रुग्णाचे नाव लागत नाही, कोणा डॉक्टरचे लागत नाही. एका पानात मावेल एवढेच हे आकडे. ते पाचपाखाडीच्या महापालिका भवनाच्या सूचनाफलकावर आणि रुग्णालयाच्या दारात मराठीत लागावेत, दर महिन्याच्या पाच तारखेला. लावायला खर्च कागदाचा आणि चार टाचण्यांचा.

पहिल्या महिन्यात आकडे वाईट दिसतील. वाईट दिसले म्हणून अधीक्षकाची बदली मागायला आपण धावलो, तर दुसऱ्या महिन्यापासून ते चांगले दिसू लागतील आणि खरे राहणार नाहीत. तेवढा संयम आपल्याला दाखवावा लागेल, वर्तमानपत्रांनाही आणि विरोधी पक्षांनाही. दिवाळी झाली की महापालिकेत पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत ते मांडले जाते. आरोग्याच्या पानावर इमारतींचे आकडे मोठे असतात, मनुष्यबळाचे आणि देखभालीचे छोट्या अक्षरांत. या वर्षी ते पान उघडून, आधी छोटी अक्षरे वाचायची आहेत.